फायरप्लेस इन्सर्ट घेताय? ब्रँड नंतर बघा, आधी चिमणीत डोकावा

आमच्या श्रूजबरीत (मॅसॅच्युसेट्स) आणि आजूबाजूला घरं घेतलेल्या ओळखीतल्या निम्म्या लोकांकडे विटांची फायरप्लेस आहे आणि तिचा उपयोग काय, तर दिवाळीत पणत्या मांडणे. आमच्याकडेही तेच चालू होतं. मग घर तापवायच्या ऑइलची बिलं बघून डोळे पांढरे व्हायला लागले आणि आम्ही तिच्यात लाकडाचा इन्सर्ट बसवून घेतला. आता जो येतो तो विचारतो कुठला, कितीला, घ्यावा का, म्हणून एकदाच सविस्तर टाइप करतोय. आम्ही खूश आहोत हे आधीच सांगतो. पण ब्रँडवरून लोक जेवढं डोकं खाजवतात तेवढी गरज नाही, चांगल्या कंपन्यांच्या मॉडेलमधे उन्नीस-बीसचा फरक आहे. खरा खेळ चिमणीच्या आत काय बसवलंय आणि लाकूड किती सुकं आहे याचा.

इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या कोनाड्यात बसणारी, काचेचं दार असलेली बंद लोखंडी शेगडी. उघडी फायरप्लेस दिसायला झकास पण घर गरम करायला जवळजवळ निरुपयोगी, कारण ती खोलीतलीच गरम हवा ओढून चिमणीतून वर फेकते आणि तेवढीच थंड हवा दारंखिडक्यांच्या फटीतून आत येते. समोर बसलात तर गुडघे भाजतात आणि मागच्या बेडरूममधे मात्र कुडकुडायला होतं. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना फार समजवावं लागणार नाही, मूठभर ढलप्यांवर अख्ख्या घराच्या आंघोळी व्हायच्या कारण जाळ नळीत कोंडलेला असायचा. इथेही तेच, जाळ कोंडायचा आणि हवा आपल्या हातात ठेवायची.

दुकानात जायच्या आधी मापं घ्या. पुढची रुंदी, मागची रुंदी, खोली, उंची. मागची रुंदी बहुतेक वेळा कमी असते हे लोक विसरतात, आणि घोडं अडतं ते उंचीत, कारण वर लिंटेलची म्हणजे विटांना आधार देणारी लोखंडी पट्टी असते, ती काही हलवता येत नाही. आमच्या यादीतले मोठे मॉडेल तिथेच बाद झाले. समोरची दगडी फरशी म्हणजे हार्थ किती पुढे यायला हवी आणि लाकडी मँटल म्हणजे वरची फळी किती दूर हवी हे प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमधे असतं, ते मॅन्युअल ऑनलाइन फुकट मिळतं, सेल्समनच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते उघडा.

मग प्रश्न फ्लश की पुढे आलेला. फ्लश म्हणजे भिंतीशी सपाट बसणारा, देखणा दिसतो, बायकोला तोच हवा होता आणि दिसण्याच्या बाबतीत तिचं बरोबरच होतं. पण फ्लश इन्सर्टची बहुतेक उष्णता विटांच्या आत अडकते आणि फॅन तिला बाहेर ढकलतो. लाइट गेली की फॅन बंद, आणि इथे लाइट जाते ती नेमकी बर्फाच्या वादळातच! २००८ च्या डिसेंबरमधल्या आइस स्टॉर्मच्या गोष्टी शेजारचे म्हातारे लोक अजून सांगतात, न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क मिळून दहा लाखांच्या वर ग्राहक अंधारात होते आणि शेजारच्या वुस्टरच्या बाजूला तर फारच वाट लागली होती. म्हणून आम्ही चार-पाच इंच हार्थवर पुढे येणारा घेतला. फॅन नसला तरी पुढचा भाग तापून खोलीत ऊब देतो, आणि वरच्या कडेवर चहाचं आधण ठेवता येतं. उकळायला वेळ लागतो, पण लाइट नसताना तक्रार कोण करतो.

कॅटॅलिटिक घ्यायचा की नॉन-कॅट, यावर इथले लोक तावातावाने भांडतात. नॉन-कॅटमधे वरच्या बाजूला भोकं असलेल्या नळ्या असतात, त्यातून तापलेली हवा येते आणि धुरातले वायू पुन्हा पेटतात, पण त्यासाठी आत साधारण ११०० फॅरनहाइट तापमान लागतं. कॅटॅलिटिकमधे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती ५०० च्या आसपासच धूर जाळायला सुरुवात करते म्हणून मंद आचेवर रात्रभर चालते, पण तो कॅटॅलिस्ट काही वर्षांनी बदलावा लागतो आणि स्वस्त नसतो. दिवसभर घरी असणारे, लाकडावरच घर तापवणारे असाल तर कॅट घ्या, ब्लेझ किंग त्यासाठी आणि थर्मोस्टॅटसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही संध्याकाळी आणि वीकेंडला जाळणारे, आम्हाला नॉन-कॅट पुरला. योटुलही बघितला होता, ती नॉर्वेची १८५३ पासूनची कंपनी, कास्ट आयर्नचं काम असं की बघत बसावं. आम्ही शेवटी कुठला घेतला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मग सगळे तोच मागायला जातात आणि तुमच्या कोनाड्याची मापं काही माझ्या कोनाड्याची नाहीत.

ब्रोशरमधलं "२००० स्क्वेअर फूट गरम करतो" हे वाचून सोडून द्या. घर ओपन आहे की खोल्याखोल्यांचं, इन्सुलेशन कसं आहे, यावर सगळं अवलंबून. बघायचं ते फायरबॉक्स, म्हणजे लाकूड जळतं तो आतला कप्पा, किती क्युबिक फूट. दीडच्या आसपासचा असेल तर रात्री झोपताना भरून सकाळी निखारे मिळायची आशा सोडा, दोन-अडीचच्या पुढे जमतं. एफिशियन्सीचे आकडेही दोन पद्धतींनी मोजतात, त्यातली एलएचव्ही (लोअर हीटिंग व्हॅल्यू) वाली पद्धत आकडा फुगवून दाखवते, म्हणून एचएचव्ही (हायर हीटिंग व्हॅल्यू) किती ते विचारा. फेडरल टॅक्स क्रेडिट होतं त्यालाही एचएचव्हीने ७५ टक्के लागायचे, ३० टक्के आणि जास्तीत जास्त २००० डॉलर, पण ते २०२५ अखेर संपलं, त्यामुळे अजून कोणी त्याचं गाजर दाखवत असेल तर हसून सोडा.

मार्केटप्लेसवर ३०० डॉलरला जुना मिळतो त्याचं काय, असंही एकाने विचारलं. १५ मे २०२० पासून नवीन विकल्या जाणाऱ्या स्टोव्हना तासाला धुरातल्या २ ग्रॅम कणांची मर्यादा आहे, कॉर्डवुडवर म्हणजे खऱ्या सरपणावर टेस्ट केलेला असेल तर २.५. ऐंशीच्या दशकातले काळे धूड याच्या कितीतरी पट धूर ओकतात आणि लाकूडही जास्त खातात. शिवाय पाठीमागे सर्टिफिकेशनची पट्टी नसेल तर टाउनचा इन्स्पेक्टर परमिटवर सही करायची मारामार. नको.

आता मुख्य मुद्दा, बसवणं. एक इन्स्टॉलर आला, टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला पूर्ण लायनरची, म्हणजे चिमणीच्या आतून वरपर्यंत जाणाऱ्या धुराच्या नळीची, गरज नाही, इन्सर्ट आत ढकलू, वर थोडा पाइप देऊ, पैसे वाचतील. त्याला चहा पाजून निरोप दिला. जुनी चिमणी असते उघड्या फायरप्लेससाठी बांधलेली, भली मोठी. इन्सर्टचा धूर कमी आणि थंड, तो त्या भुयारात रेंगाळतो, गार पडतो आणि भिंतीला क्रिओसोट म्हणून चिकटतो. आधी काजळी, मग चकचकीत डांबरासारखा थर, आणि तो पेटला की चिमणीला आग. त्यातून आमची चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला, म्हणजे जानेवारीत बर्फासारखी गार. म्हणून इन्सर्टपासून वर टोपीपर्यंत सहा इंची स्टेनलेस स्टीलचा लायनर, त्याभोवती इन्सुलेशनचं ब्लँकेट. याला पर्याय नाही असंच समजा.

दुसरी गोष्ट ब्लॉक-ऑफ प्लेट. डँपरच्या (चिमणीच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) जागी पत्र्याची झाकणी, लायनरपुरतं भोक, वर मिनरल वूल. मटेरियल म्हणाल तर किरकोळ, पण ती नसेल तर इन्सर्टची बरीच ऊब वर चिमणीत जाऊन बसते. पुष्कळ इन्स्टॉलर ही टाळतात कारण आत झोपून, डोकं वर करून, काजळी तोंडावर घेत बसवावी लागते. आम्ही कोटेशनवर लिहून घेतली होती म्हणून झाली. ज्याने बसवली तो बाहेर आला तेव्हा नुसते डोळे आणि दात दिसत होते. चिमणी दरवर्षी तपासून घ्यायची हे एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या २११ क्रमांकाच्या स्टँडर्डमधेच आहे, त्यामुळे चिमणी साफ करणाऱ्या स्वीपचा खर्चही धरून चाला.

लाकडाबद्दल थोडं. कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, चार बाय चार बाय आठ रचलेलं. ट्रकमधून अंगणात ओतलेला ढीग बघून काही कळत नाही, रचून मोजा. "सीझन्ड" हा शब्द विकणारे फार सैल वापरतात, तिथे विश्वास ठेवू नका, वीस-तीस डॉलरचं मॉइश्चर मीटर घ्या, ओंडका फोडून ताज्या फाकेवर टोचा, २० टक्क्यांच्या खाली हवं. बाहेरून टोचून उपयोग नाही, बाहेरून सगळंच सुकं असतं. ओकला फोडून रचल्यावर दोन वर्षं लागतात, अ‍ॅश लवकर वाळतं आणि सध्या एमराल्ड अ‍ॅश बोरर या किडीने ती झाडं मरतायत म्हणून मिळतंही. ओलं लाकूड घातलंत तर टोकाला पाणी फसफसतं, काच काळी होते आणि जाळापेक्षा फुंकण्यातच संध्याकाळ जाते. आणि आमच्या भागाची एक खासियत, २००८ मधे वुस्टरला एशियन लाँगहॉर्न्ड बीटल हा झाडं पोखरणारा भुंगा सापडला आणि श्रूजबरी त्या क्वारंटाइनच्या हद्दीत आलं, म्हणजे इथलं लाकूड हद्दीबाहेर न्यायला बंदी. आमचं मेपल पडलं तेव्हा हद्दीबाहेरच्या वेस्टबरोच्या मित्राला फुकट लाकूड न्यायचं होतं, नेता आलं नाही. तुमच्याकडे नियम काय ते बघूनच गाडीत भरा.

रोजच्या वापरात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नळ्या पेटतात तो क्षण. खाली लाकडावर फारसा जाळ नसतो आणि वर छताशी निळसर-पिवळ्या ज्वाळा हळूहळू लोळत असतात, गॅसच्या बर्नरसारख्या भोकाभोकातून. बाहेर जाऊन बघितलं तर चिमणीतून धूर जवळजवळ दिसत नाही. आई आली होती तेव्हा पहिल्यांदा म्हणाली, अमेरिकेत येऊन सरपण फोडताय होय रे! दोन दिवसांनी खुर्ची तिथेच सरकवली आणि काच पुसायचं काम स्वतःकडे घेतलं, ओला पेपर राखेत बुडवून. महागड्या क्लीनरपेक्षा लख्ख निघते.

कुरबुरीही आहेत. फॅन हाय वर ठेवला की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, म्हणून तो मधल्या स्पीडवरच असतो. खाली खोली ऐंशी फॅरनहाइटला आणि वरच्या बेडरूम पासष्टला, एवढा फरक राहतोच. आणि ही आपल्या घरांची खास अडचण: फोडणीच्या वेळी किचनचा एक्झॉस्ट फुल असताना इन्सर्टचं दार उघडलं तर धूर सरळ खोलीत येतो, कारण एक्झॉस्ट घरातली हवा ओढतो आणि चिमणी उलटी वाहते. जवळची खिडकी दोन बोटं उघडा किंवा मोहरी तडतडून होऊ द्या, मग लाकूड घाला. राखेत निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात, झाकणाची लोखंडी बादली घ्या आणि ती बाहेर, डेकवर नाही, जमिनीवर ठेवा.

घरात कोणाला दमा असेल तर घेऊच नका, दार उघडताना थोडा धूर येतोच. मास सेव्ह या मॅसॅच्युसेट्सच्या ऊर्जाबचत योजनेचे हीट पंपचे रिबेट बघा त्यापेक्षा. ज्यांना जराही कष्ट नकोत त्यांनीही नको, लाकूड वाहणं, फोडणं, राख काढणं हे सगळं नोव्हेंबर ते मार्च चालू असतं. आम्हाला इन्सर्ट, लायनर, मजुरी, परमिट मिळून सात हजार डॉलरच्या आसपास गेले. बिल्डिंग डिपार्टमेंटचं परमिट न काढता कोणी बसवून देतो म्हणाला तर फिरकू देऊ नका, कारण इन्शुरन्सवाल्याला कळवलं की तो पहिल्यांदा त्या सही झालेल्या परमिटचाच फोटो मागतो.