उटीच्या कॉटेजपायी ९,५५० रुपये पाण्यात

नोकरीनिमित्त बंगळुरूत राहणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. शनिवार-रविवारला धरून उटी, कूर्ग, वायनाडचा बेत असेल आणि रीलखालच्या नंबरवर 'फक्त एकच कॉटेज शिल्लक' असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे ३,९००, मग ६५०, मग ५,००० असे एकूण ९,५५० रुपये गेले. वर म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन रात्री घाटात लॉज शोधत फिरलो ते वेगळंच.

पद्धत तुम्हाला माहीत असलेलीच. दोन रात्रींचे ७,८००, निम्मे आगाऊ. दोन दिवसांनी एजंटाचा फोन, "सर, ई-पासचा कोटा भरत आलाय, आम्ही काढून देतो." ६५०. निघायच्या आदल्या रात्री डिपॉझिट ५,०००, चेकआउटला परत. आता तुम्ही म्हणाल, ई-पासला पैसे कुठे लागतात? नाहीच लागत. ई-पास म्हणजे गाडी घेऊन वर जायचा परवाना. मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात (उटी त्यातच येतं) आणि कोडाईकनालला तो सक्तीचा आहे, पण सरकारी साइटवर फुकट निघतो. मात्र २०२५ च्या उन्हाळ्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने निलगिरीत गाड्यांची मर्यादा घातली होती, एरवी दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. ती बातमी आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी होती. खऱ्या बातमीच्या आडून आलेलं खोटं कोण ओळखणार? शिवाय त्याने व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली, गिझरचा नळ सोडून गरम पाणी दाखवलं. इतकं कोण करतं?

फोटोचं मात्र डोक्यातून जात नाही. लाकडी गॅलरी, वेताची खुर्ची, स्टीलच्या पेल्यात कॉफी आणि कठड्यापलीकडे धुक्यात तीन-चार माड. उटीला माड! २,२४० मीटर उंची, थंडीत दंव गोठतं तिथं. आम्ही गुहागरचे, परसात माड बघत वाढलेले. आईने चष्मा वर करून विचारलंही होतं, "काय रे, एवढ्या थंडीत माड होतो?" त्यावर मी म्हटलं, "शोभेचे असतील गं." शोभेचे! रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्यापडल्या हे आठवतं आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. पण मी एकटाच आंधळा नव्हतो. तोच फोटो बायकोने पाहिला, ऑफिसातल्या दोघांनी पाहिला, त्यातला एक तर केरळचा. कुणी चकार शब्द काढला नाही.

पैसे पाठवताना नाव भलत्याच बाईचं आलं होतं. "मालकिणीचं खातं आहे, सर." हॉटेलच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच थांबा. मालकीण, मेव्हणा, मॅनेजर, काही ऐकू नका.

तामिळनाडूच्या हद्दीवरच्या कक्कनल्ला नाक्यावर त्यांच्या पासचा क्यूआर उघडलाच नाही. तिथल्या माणसाने पाच मिनिटांत नवा काढून दिला, फुकट. दुसरा तोवर आमच्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेत होता. मला वाटलं, एजंटाने साडेसहाशे खाल्ले, असतात असे भुरटे. पुढचा विचारच डोक्यात आला नाही. मागे दोन म्हातारी माणसं 'अजून किती लांब' विचारत असताना तुम्हाला तरी आला असता का?

एजंटाने नकाशावर पाठवलेल्या ठिकाणी पोचलो तर उटीजवळच्या केत्तीच्या बाजूला गाजरं धुवायचं यंत्र. जाळीचा भलामोठा पिंप घरघरत फिरतोय, खालून तांबडं पाणी वाहतंय, आणि गमबूट घातलेला माणूस आमच्या गाडीची कर्नाटकची केए पाटी बघून हसतोय. "कॉटेज?" त्यानेच विचारलं. म्हणजे आमच्या आधीही कुणीतरी येऊन गेलं होतं. एजंटाचा फोन बंद. रातोरात परतही फिरता येईना, कारण बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद. हे त्या चोरांना पक्कं ठाऊक असणार. शेवटी एका कुबट खोलीचे ४,२०० मोजले.

सकाळी त्याच नंबरवरून क्यूआर आला, "स्कॅन करा, रिफंड मिळेल." पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही हे शेंबडं पोरही जाणतं. मी ब्लॉक केलं. पण तुम्ही ब्लॉक करायच्या आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. त्याने अर्धे मेसेज पुसून टाकले होते, आणि मग मला पुरावा विचारत होते.

कोण विचारत होते? ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक मिळाला. तुम्ही तर पैसे गेल्या क्षणी करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात पळते. मग घाटावरच्या ठाण्यात गेलो. "पैसे कुठून पाठवले? बंगळुरूहून? मग तिकडे जा." बंगळुरूच्या ठाण्यात गेलो. "फसवणूक तामिळनाडूत झाली ना? तिकडे जा." जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द कुठलीही असो, ठाण्याने गुन्हा नोंदवायचा असं स्पष्ट आहे. कलम १७३ दाखवलं तर साहेब म्हणतात, "नऊ हजारांसाठी?" पन्नास जणांचे नऊ-नऊ हजार गेले की किती होतात, हे यांना कुणी शिकवलं नाही? आणि बँक! "पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे." पैसे परत मिळण्याचा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम म्हणे परवानगीशिवाय गेलेल्या पैशांनाच. म्हणजे खिसा कापला तर दाद, गोड बोलून काढून घेतले तर बसा बोंबलत. अहो, ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिचं आधार, पॅन, पत्ता सगळं कुठल्या ना कुठल्या बँकेत जमा आहे. त्या पत्त्यावर एक शिपाई पाठवायला काय लागतं? त्यावर उत्तर, "ती माहिती गोपनीय आहे." चोराची गोपनीयता जपायची आणि माझ्याकडून मात्र तीनदा आधारची झेरॉक्स घ्यायची.

उटीला जायचं तर तामिळनाडू पर्यटन महामंडळाचं हॉटेल बघा, नाहीतर लँडलाइन असलेलं ठिकाण. लँडलाइनवर स्वतः फोन करा. फोटो गूगलवर उलटा शोधा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. डिपॉझिट खोलीत पाय ठेवल्यावरच. आणि सोबत कोकणातली आई असेल तर ती काय म्हणतेय ते ऐका.

तोच फोटो परवा दुसऱ्या रीलवर दिसला. या वेळी कॉटेज कूर्गला, भाडं ८,५००.