जुन्या एलपी ऑनलाइन घेताना: वर्षभराच्या अनुभवानंतर

गेलं वर्षभर मी इतरांनी वापरलेल्या एलपी, म्हणजे गाण्याच्या मोठ्या तबकड्या, ऑनलाइन मागवतोय. बहुतेक एचएमव्हीच्या, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघालेल्या. ख्याल जास्त, थोडं नाट्यसंगीत. आता विक्रेत्याची ग्रेड मी भावाची घासाघीस करण्यापुरतीच बघतो. तबकडी वाजेल कशी, ते ग्रेडवरून कळत नाही.

प्रतवारी गोल्डमाइन या अमेरिकी मासिकाची चालते: मिंट (अगदी कोरी), निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड, पुअर, अशी उतरत्या क्रमाने. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर हीच, तबकडीला वेगळी आणि कव्हरला वेगळी. निअर मिंटच्या साधारण निम्म्या किमतीला व्हीजी प्लस, पाव किमतीला व्हीजी, असा हिशेब. गुड म्हणजे जवळजवळ तळाची पायरी, हे नवख्याने आधी ध्यानात घ्यावं. इन्स्टाग्राम-फेसबुकवर मात्र चकाकणारी प्रत्येक तबकडी ‘मिंट’ असते! कारण ती बघून ठरवलेली असते, वाजवून नाही.

आपल्याकडच्या तबकड्यांना हा फरक फारच नडतो. घरोघरी फिएस्टा, कॅलिप्सोसारखे प्लेअर होते. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) तबकडीवरचा भार कित्येक ग्रॅम, आणि सुई झिजली तरी बदलायची घाई कुणाला? आजच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार दीड-दोन ग्रॅम असतो. त्या जड, बोथट सुईने खाचांच्या भिंती आतून खाल्लेल्या असतात आणि वरून तबकडी आरशासारखी चमकते. उलट कागदी पाकिटाने उठलेल्या केसासारख्या रेघा उन्हात भयंकर दिसतात, पण ऐकू येत नाहीत.

म्हणून मी फोटोऐवजी आवाजाचे दोन तुकडे मागतो: बाजूच्या सुरुवातीची आलापी आणि शेवटचं मिनिट. आलापीत चरचर लपत नाही. शेवटचं मिनिट त्याहून महत्त्वाचं. तबकडीच्या कडेला सुई एका फेऱ्यात सुमारे ९० सेंमी अंतर कापते, लेबलजवळ ४०च्या आसपास. वेळ तेवढाच, १.८ सेकंद. म्हणजे तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. ख्यालाच्या एलपीत द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, नेमकी तिथेच येते. तार सप्तकातल्या ताना फाटत असतील, ‘स’ फिसफिसत असेल, तर खाच गेली. धुऊन काही होणार नाही. फोनचं रेकॉर्डिंग शांत जागेतला आवाज आपोआप वाढवतं, त्यामुळे नुसत्या खरखरीवरून तबकडी नाकारू नये. स्वर फाटतोय का, एवढंच ऐकावं.

दर १.८ सेकंदांनी ‘टक्’ ऐकू आलं की आडवा ओरखडा. तो नखाला लागतो का, हे मी विक्रेत्यालाच तपासायला सांगतो. फोटो मागायचाच तर लेबलचा, जवळून. भोकाभोवती बारीक चंदेरी रेघांचं जाळं असेल, तर ती तबकडी प्लेअरच्या मधल्या दांडीवर असंख्य वेळा चढली आहे, मग वरचा काळा रंग कितीही नवा दिसो. वाक बघायला फिरत्या तबकडीचा बाजूने काढलेला व्हिडिओ हवा. वरून काढलेल्या फोटोत वाक कधीच दिसत नाही.

बुरशीला मी फारसा भीत नाही. मुंबई-कोकणातून आलेल्या तबकड्यांवर पांढरे ठिपके असतातच, आणि बहुतेक वेळा ते धुतल्यावर जातात. जुन्या प्लास्टिकच्या पाकिटाने चढलेला धुरकट थर मात्र सहसा जात नाही. पाठवताना तबकडी कव्हरबाहेर काढून ठेवायला सांगावं, नाहीतर धक्क्याने तिची कड कव्हरची शिवण फाडते.

मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, सिनेगीतांच्या ईपींसाठी (छोट्या तबकड्यांसाठी) एवढा खटाटोप मी करत नाही. तिथे वाद्यमेळ सतत भरलेला असतो, व्हीजी पुरते. एलपीच्या बाबतीत ‘प्लेअर नाही, वाजवून दाखवता येणार नाही’ असं उत्तर आलं तरी घेतो, कव्हर कितीही कोरं असो, व्हीजीच्या भावात.