गुहागरच्या खाऱ्या हवेत बाहेरचा स्टेनलेस सायलेन्सर: होळी ते दिवाळी

होळीनंतर बसवलेल्या, गाडीच्या कंपनीबाहेरच्या या स्टेनलेस सायलेन्सरबद्दल दिवाळी उलटल्यावर लिहीत आहे, कारण किनाऱ्यावर पावसाळा काढल्याशिवाय अशा वस्तूची पारख होत नाही. निष्कर्ष आधीच सांगतो: धातू चांगला आहे, मापे वाईट आहेत. जो त्रास झाला तो बहुतेक सगळा मापांमुळे झाला.

गाडी २०१८ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक असून ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. कंपनीचा मूळ सायलेन्सर मागच्या शिवणीवर कुजून फुटला होता. आमच्याकडे दोष नेहमी खाऱ्या वाऱ्याला दिला जातो, पण सायलेन्सर आतूनही तितकाच गंजतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गुहागर ते शृंगारतळी एवढ्या बाजारहाटाच्या फेऱ्यांत मागचा डबा पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच साचून राहते. त्यासाठी डब्याच्या तळाशी एक बारीक भोक ठेवलेले असते. हे भोक पुढे महत्त्वाचे ठरले.

घेतलेला संच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या, मागचा, म्हणजे मधला पाइप आणि मागचा डबा असा होता. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही हे पहिल्यापासून ठरले होते. कारखान्याने दिलेली प्रदूषण व आवाज रोखणारी यंत्रणा काढून टाकणे मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि सायलेन्सरबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२० क्रमांकाचा स्वतंत्र नियमच आहे. फटाके फोडत जाणाऱ्या गाड्यांची हौस ज्यांना आहे त्यांना या लेखाचा उपयोग होणार नाही.

जाहिरातीत ‘आपल्या मॉडेलसाठी, थेट बसणारा’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात मधल्या जोडाच्या फ्लँजची, म्हणजे पाइपाच्या टोकाला बोल्ट लावायच्या चकतीची, भोके जुळवली की मागचा डबा आपल्या अक्षाभोवती अंदाजे १० अंश कलत होता, आणि डबा सरळ धरला की भोके जुळत नव्हती. डबा रबराला टांगणारी हँगरची सळई रबराच्या जागेपासून चांगली बोटभर पुढे आली होती. चिपळूणच्या मिस्त्रींनी गाडीखालूनच विचारले, “सर, पाइप गाडीसाठी बनवलाय की गाडी पाइपसाठी बनवायची?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अशा वेळी बहुतेक गॅरेजांत जे केले जाते तेच तिथेही सुचवले गेले: रबर ताणून अडकवायचे, बोल्ट आवळायचे, चार दिवसांत आपोआप बसेल. आपोआप काही बसत नाही. इंजिन आपल्या माउंटिंगवर सतत डुलत असते, म्हणूनच पुढे जाळीदार लवचिक तुकडा आणि मागे रबरे दिलेली असतात. सगळी नळी लोंबकळत राहावी अशीच ती रचना आहे. रबर तिरपे ताणून ठेवले की तो ताण पुढच्या लवचिक तुकड्यावर जातो आणि कालांतराने तो तुकडा फाटतो. तरीही सुरुवातीचे काही आठवडे गाडी तशीच चालवली, कारण थंड गाडीत घासल्याचा कसलाच आवाज नव्हता.

आवाज आला तो कुंभार्ली घाटात. चढ संपेपर्यंत गाडीखालून पत्रा थरथरल्यासारखी कर्कश घरघर सुरू झाली, आणि कोयनानगरला चहा घेऊन निघालो तेव्हा ती गेलेली होती. याचे कारण धातूच्या प्रसरणात आहे. ३०४ आणि ४०९ या सायलेन्सरसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेसच्या दोन जाती. ३०४ जातीचे स्टेनलेस तापल्यावर ४०९ जातीपेक्षा बरेच जास्त लांबते: दोन मीटरचा पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला तर ३०४ सुमारे १० मिलिमीटर वाढतो आणि ४०९ सुमारे ७. थंड असताना मागच्या अ‍ॅक्सलपासून जेमतेम सुटलेला पाइप घाटात त्याच्यावर टेकत होता. नंतर गाडी वर घेतली तेव्हा अ‍ॅक्सलच्या काळ्या रंगावर जुन्या आठ आण्यांच्या नाण्याएवढा चकचकीत ठिपका घासून उघडा पडलेला दिसला, आणि त्याच्या कडेला गंजाची लाल रेघ आधीच उमटली होती.

दुसरी तक्रार गॅस्केटची, म्हणजे जोडाची फट बुजवणाऱ्या कड्याची. मूळ जोडात स्प्रिंगचे बोल्ट आणि गोल, फुगीर कडेचे गॅस्केट होते, ज्यामुळे जोडाला थोडे हलता येते. संचासोबत मात्र चपटे गॅस्केट आले. परिणामी सकाळी गाडी सुरू केली की फटफट आवाज येई आणि जोडाभोवती काजळीच्या रेषा उमटत. ही गळती धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन्ही सेन्सरांच्या मागे असल्यामुळे इंजिनचा दिवा लागला नाही. तीच पुढे असती तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन सेन्सरचे गणित बिघडले असते. कंपनीचे गोल गॅस्केट आणून बसवल्यावर फटफट त्याच दिवशी थांबली.

फिटिंगचा कायमचा इलाज पावसाच्या तोंडावर केला. मिस्त्रींनी सगळे बोल्ट ढिले केले, गाडीचा भार चाकांवर ठेवून पिटमधून पुढून मागे एकेक जोड जुळवत आणला, आणि जिथे जुळेना तिथे फ्लँज कापून योग्य कोनात पुन्हा जोडला. हँगरची सळईही कापून मागे सरकवली. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला सांगावे लागले नाही, यावरून माणूस जाणता आहे हे कळले. आमचा मतभेद रॉडवरून झाला. दुकानात नेहमीचा लोखंडाचा रॉड तयार होता, पण स्टेनलेस पाइप साध्या पोलादाच्या फ्लँजला जोडताना ३०९ जातीचा रॉड लागतो. साध्या रॉडची शिवण खाऱ्या हवेत सगळ्यात आधी गंजते. रॉड मागवण्यासाठी गाडी मुक्कामी ठेवावी लागली. अ‍ॅक्सलपाशी आता अंगठ्याच्या जाडीएवढी जागा सुटली आहे आणि घाटात आवाज येत नाही.

डबा कललेला होता तोवर तळाचे भोक बाजूला गेले होते, म्हणजे पाणी निचरण्याची सोयच बंद झाली होती. काढताना डबा आडवा केला तेव्हा आतून तपकिरी पाण्याची बारीक धार जमिनीवर आली. सरळ बसवल्यापासून सकाळी भोकाखाली दोन-चार थेंब दिसतात, आणि ते दिसावेत हेच बरे.

एक उणीव तशीच राहिली आहे. नवा डबा जुन्यापेक्षा इंचभर खाली येतो. रस्त्यावर हे जाणवत नाही, पण धोपावे–दाभोळ फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी चढउताराचा कोन वाढतो आणि मागे माणसे बसलेली असली तर डब्याचा तळ फळीला घासतो. मागच्या सीटवरील मंडळींना उतरवून गाडी बोटीत घालण्याची सवय आता घरात सर्वांना झाली आहे.

पावसाळ्यानंतरची अवस्था अशी: मुख्य पाइपावर चहाच्या रंगाची पातळ झाक आली होती, ती साध्या पाण्याने आणि काथ्याने निघाली. फ्लँज आणि हँगरच्या सळया मात्र साध्या पोलादाच्या निघाल्या आणि त्यांचे पापुद्रे सुटू लागले आहेत. ‘पूर्ण स्टेनलेस’ या शब्दांत त्या धरल्या नसाव्यात. चुंबक लावून पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ४०९ स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो, त्यामुळे चिकटला म्हणजे लोखंडच असे म्हणता येत नाही. बोल्ट स्टेनलेसचे घालून आट्यांना तांब्याचे ग्रीस लावले आहे, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की तो जागीच चावतो आणि पुढच्या वेळी कापूनच काढावा लागतो.

मायलेजमध्ये फरक नाही, ताकदीतही नाही. २००० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये थोडा घुमणारा आवाज येतो, तोही काचा बंद असतानाच. विक्रेत्याला फोटो पाठवले तेव्हा ‘थोडेफार जुळवून घ्यावे लागते’ असे उत्तर आले आणि कापाकापीचा खर्च माझ्याकडेच राहिला. तो धरला तर कंपनीच्या सायलेन्सरच्या आणि याच्या किमतीत फारसे अंतर उरत नाही. ज्यांच्या ओळखीचा मिस्त्री कापून नीट जोडून देणारा आहे त्यांनी हा संच घ्यायला हरकत नाही, मात्र पैसे देण्यापूर्वी फ्लँजचा आणि हँगरचा जवळून काढलेला फोटो मागवून तो आपल्या गाडीखाली धरून पाहावा.