केवायसीच्या नावाखाली बाबांच्या खात्यातून १०,००० गेले

यवतमाळ जिल्ह्यात आमची ५ एकर कोरडवाहू शेती आहे, बाबांच्या नावावर. २०२५ च्या पावसात सोयाबीन उभ्या शेतात सडलं. तलाठी आणि कृषी सहायक पंचनामा करून गेले. हेक्टरी ८,५०० च्या दराने दोन हेक्टरचे १७,००० दिवाळीनंतर जमाही झाले. पण आम्हाला ते कळलंच नाही, कारण बँकेत बाबांचा बंद पडलेला जुना मोबाईल नंबर होता.

मी तेव्हा कामाला वर्ध्यात. गावात मारुतीच्या पारावर एक पोरगा बॅग आणि मशीन घेऊन बसला होता. त्याच्याजवळ अनुदानाची यादी होती. ही यादी ग्रामपंचायतीत लागते, फोटो कोणीही काढून नेऊ शकतो. पण त्यात आपलं नाव बरोबर दिसल्यावर लोकांना वाटलं, याला तहसीलवाल्यांनीच पाठवलं.

"काकाजी, तुमची केवायसी फेल गेली. रब्बीचे हेक्टरी दहा हजार येऊन राहिले, त्याच्यासाठी नवीन करा लागते."

रब्बीसाठी हेक्टरी १०,००० सरकारने खरंच जाहीर केले होते. म्हणूनच बाबांना शंका आली नाही.

कापूस वेचून बाबांच्या बोटांना चिरा पडलेल्या. मशीन अंगठा घेईना. त्याने रुमालाने अंगठा पुसला, खोबरेल लावलं, स्वतः बाबांचा हात धरून काचेवर दाबला. "लागला जी." वरून ५० रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणे कागद संपला.

अकरा दिवसांनी मी पासबुक भरून आणलं. १७,००० जमा, आणि त्या पारावरच्या दिवशीच १०,००० काढल्याची नोंद. बाबांनी पासबुक हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. "म्या त पैसे काढलेच नाही रे."

त्या पोराने बाबांना एक प्रश्न विचारला होता: खातं कोणत्या बँकेत आहे? तिथेच ओळखायला हवं होतं. आधारवरून रोख काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी नाही, एटीएम कार्ड नाही, पासबुक नाही. केवायसीवाला बँकेचं नाव विचारत असेल तर अंगठा लावू नका, आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते घरातल्या शिकलेल्या पोरापोरीला वाचायला लावा. मशीन दिसायला सारखंच असतं, अंगठा कशासाठी घेतला ते स्क्रीनवरच कळतं.

पैसे गेल्याचं दिसलं की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आम्ही अकरा दिवस उशिरा गेलो, तोवर पुढचा माग काढणं अवघड झालं होतं. बँकेत मोबाईल नंबर चालू आहे ना, ते आजच पाहा. आधारचं बायोमेट्रिकही, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करता येतं. मी एमआधार ॲपवरून बाबांचं केलं. काम असलं की तेवढ्यापुरतं उघडतो.

आमच्या आळीतल्या आणखी दोघांचे अंगठे त्याने त्याच दुपारी असेच घेतले होते. त्यांचीही पासबुकं मी भरून आणली, आणि तिघांची तक्रार मिळून ठाण्यात दिली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. चन्याचं बियाणं बाबांनी कृषी केंद्रातून उधारीवर आणलं.