जुनी छोटी गाडी घेताना पेट्रोल की सीएनजी? ठाण्यातला हिशेब

आठ-दहा वर्षं जुनी वॅगन-आर, सेलेरिओ किंवा तशीच एखादी हॅचबॅक घ्यायचं घरात पक्कं झालं, की ठाण्यात पुढचा प्रश्न हमखास हाच असतो. मी दोन्ही वापरल्या आहेत. आधीची सीएनजी होती, नंतर बाहेरून गॅसचं किट बसवलेली. आत्ताची साधी पेट्रोल. दोन्ही तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या, दोन्ही सेकंडहँड घेतलेल्या आणि दोन्ही कासारवडवलीच्या एकाच पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या. रस्ता तोच, खड्डे तेच, चालवणाराही तोच, म्हणून तुलना करायचं धाडस करतोय.

इंधनात सीएनजी स्वस्त, यात वादच नाही. 2025 मध्ये आपल्याकडे पेट्रोल लिटरला 103 रुपयांच्या वर होतं आणि सीएनजी किलोला 80 च्या आसपास. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये माझी पेट्रोल गाडी लिटरला चौदाच्या आसपास देते; सीएनजी किलोला वीस द्यायची. त्या भावाने किलोमीटरमागे तीन-साडेतीन रुपयांचा फरक धरा. रोज ठाणे-पनवेल जाऊन-येऊन असेल तर महिन्याला पाच हजारांच्या पुढे वाचतात, आणि तशा माणसाने सीएनजीच घ्यावी असं मी मोकळेपणाने म्हणेन. पण गाडी आठवड्यातून दोनदा ऐरोलीला आणि रविवारी भाजीला एवढीच जात असेल, तर बचत हजार-दीड हजारावर येते. एवढ्या पैशांसाठी जुन्या गाडीत काय काय सांभाळावं लागतं, ते बघायला हवं.

पंपावरच्या रांगेबद्दल सगळेच बोलतात. नोव्हेंबर 2025 मध्ये मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबई-ठाणे-नवी मुंबईत बरेच पंप बंद पडले होते. पण अशा वेळी सीएनजीची गाडी पेट्रोलवरही चालतेच, म्हणून मला तो मुद्दा फार मोठा वाटत नाही. गॅसच्या सिलिंडरने भरलेल्या डिकीचंही तसंच. गणपतीला गावी जाताना सामान मांडीवर येतं, पण ते वर्षातून एकदा.

माझ्यासाठी निर्णय झाला तो मिसिंगमुळे, म्हणजे इंजिनाचा एखादा सिलिंडर मध्येच न पेटल्यामुळे.

नवी गाडी असेल तर हा प्रकार सहसा येत नाही, जुन्या गाडीत येतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार स्पार्क लागतो. त्यामुळे स्पार्क पाडणारा प्लग थोडा झिजला किंवा त्याला वीज देणारी कॉइल थोडी कमजोर झाली, तर पेट्रोलवर कळतही नाही. गॅसवर गाडी लगेच झटके देते. तीन सिलिंडरपैकी एक सुटला की एक तृतीयांश ताकदच गेली. कापूरबावडीच्या सिग्नलपासून मानपाड्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना गाडी धक्के द्यायची, बटण दाबून पेट्रोलवर घेतली की शांत.

आता ही घेऊन जायची कुणाकडे? माझा मेकॅनिक चांगला आहे, वागळे इस्टेटमधला, जुना माणूस. त्याने प्लग काढून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवरचा काळा बारीक चरा, म्हणजे स्पार्क बाजूने निसटल्याची खूण, मला दाखवला, कॉइल अदलाबदल करून बघितली, एअर फिल्टर बदलला. पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी चालत होती. मग म्हणाला, "साहेब, इंजिनात काही नाही, गॅसवाल्याला दाखवा." गॅसवाल्याने लॅपटॉप लावला, ट्युनिंग केलं, गॅसचा फिल्टर बदलला आणि म्हणाला, "किट ओके आहे, प्लग-कॉइल बघून घ्या." दोघेही आपापल्या जागी खरं बोलत होते. पण प्रत्येक फेरीत शे-पाचशे जायचे, कधी दोन हजार, आणि आठवड्याभरात झटका परत. गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, इंजिनात गॅस सोडणारी इंजेक्टर रेल, प्लग, कॉइल, वायरिंग यांपैकी नेमकं कोण दमलंय, याची जबाबदारी घेणारा एक माणूस मिळत नाही. जुन्या गाडीत मला खर्चापेक्षा हे जास्त जड गेलं.

कंपनी फिटेड सीएनजीत हे कमी होतं, हे मान्य. सगळं एका छताखाली असतं. मात्र आठ वर्षांनंतर आपण बहुतेक जण कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोडून गल्लीतल्या गॅरेजकडे वळलेले असतो, आणि गल्लीतला माणूस गॅसच्या भागाला हात लावायला कचरतो. म्हणजे तिथेही शेवटी दोन दारं होतातच.

पेट्रोल गाडीत बिघाड होत नाहीत असं नाही. माझ्या आत्ताच्या गाडीचं क्लच झालं, पुढच्या सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश झाले, पावसाळ्यानंतर एक शॉकअप बदलला. पण प्रत्येक वेळी एकाच माणसाने बघितलं, एकदाच खोललं आणि काम संपलं. मागच्या चाकांवर गॅसच्या सिलिंडरचं कायमचं वजन नसल्यामुळे गायमुखच्या खड्ड्यांत मागचा भाग आपटत नाही, हा माझा अनुभव. मोजमाप मी केलेलं नाही.

सीएनजीच घ्यायची ठरवली असेल तर काही गोष्टी बघाच. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटली असेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात. बाहेरचं किट असेल तर आरसी बुकवर आणि विम्याच्या पॉलिसीत सीएनजीची नोंद आहे का ते वाचा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते. आणि मालकाने टाकीत पेट्रोल किती ठेवलंय ते विचारा. पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. वर्षानुवर्षं काटा तळाला ठेवून गॅसवर पळवलेल्या गाडीचा पंप लवकर जातो आणि त्याचं बिल नव्या मालकाच्या नावावर फाटतं. गाडी थंड असताना स्वतः स्टार्ट करा, मग गॅसवर घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवा, रिकाम्या रस्त्यावर पळवून काहीच कळणार नाही.

शेवटी ज्याचा त्याचा रोजचा रस्ता. महिन्याला हजार किलोमीटरच्या पुढे असाल तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवा. त्याच्या आत असाल तर मी पेट्रोलच सुचवेन. त्याच वर्षाची, तशीच पेट्रोल गाडी ठाण्यात सीएनजीपेक्षा सहसा स्वस्त मिळते. त्या फरकात चार टायर आणि पुढचं सस्पेन्शन पावसाळ्याआधी करून घेता येतं.