धर्मादाय हॉस्पिटल, 7 महिने वापरून: उपचार पास, झेरॉक्स नापास

परवा सासूबाईंचा आठवा आणि शेवटचा केमो झाला. डिस्चार्जचा कागद हातात, रिक्षा दारात उभी, आणि समाजसेवा विभागाच्या खिडकीतून हाक आली, "ताई, रेशनकार्डाचं मागचं पान राहिलं. झेरॉक्स आणून द्या." म्हणून हे लिहायला बसले.

हॉस्पिटलचं नाव देत नाही. मोठ्या ट्रस्टचं आहे, बोर्डावर 'धर्मादाय' हा शब्द शोधावा लागतो एवढंच सांगते. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, हे तुम्हाला माहीत असेलच. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 80 हजार, दुर्बलांसाठी 3 लाख 60 हजार. आमचा दाखला 2 लाख 70 हजारांचा, म्हणजे आम्ही 'दुर्बल'. (सासूबाईंना हा शब्द अजिबात आवडला नाही. "मी कुठं दुर्बल?" म्हणाल्या. स्तनाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी.) सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत का नाही केलं, असं विचाराल तर हे हॉस्पिटल त्या योजनेत नाही आणि सर्जन इथलेच हवे होते.

आता मूळ दुखणं. या धर्मादाय खाटांच्या योजनेत प्रत्येक ॲडमिशनला नवीन फाइल. दर 21 दिवसांनी केमो म्हणजे दर 21 दिवसांनी तोच अर्ज, तेच कागद. रेशनकार्डाची 2 पानं, उत्पन्नाचा दाखला, सासूबाईंचं आधार, ह्यांचं आधार, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि भरलेल्या अर्जाची एक प्रत. एकूण 7 पानं. आवारातल्या झेरॉक्सवाल्याचा भाव पानाला 5 रुपये. गेटबाहेर रस्ता ओलांडला की 2 रुपये. पण खिडकी 10 ते 1 एवढीच उघडी, आणि तुम्ही रस्ता ओलांडून येईपर्यंत टोकन चार नंबर पुढे गेलेलं असतं. झेरॉक्सवाल्याला हे पक्कं ठाऊक आहे. पहिल्या 5 ॲडमिशनना मी त्याच्याकडेच गेले: 35 पानं. शेवटच्या दिवशीचं ते मागचं पान धरून 36. पानामागे 3 रुपये जास्त, म्हणजे 108 रुपये. जपमाळ पूर्ण झाली.

लाखांत जाणारं बिल हजारांत आलं आणि ही बाई 108 रुपये मोजत बसलीय, असं ह्यांनीही म्हणून झालंय. पण लाख आमच्या हातात कधी आलेच नव्हते. 108 मी पर्समधून सुटे काढून दिलेत.

दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री दीड वाजता ताप 101 च्या वर गेला. केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं, हे सिस्टरनी आधीच बजावलं होतं. कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा माझ्या पिशवीत थर्मामीटर आणि शाल, कागद एकही नाही. मी स्वतःच "कागद उद्या आणते" म्हणायला लागले, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आधी पेशंट." डिपॉझिटचा विषय कोणी काढला नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट पार खाली गेले होते. तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. नंतर कळलं की इमर्जन्सीत अशा पेशंटला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं, हे 2006 पासून लागू असलेल्या उच्च न्यायालयाच्या योजनेतच आहे. नियम आहे म्हणून माझं कौतुक कमी होत नाही, कारण नियम असूनही काय काय होतं ते आपण वाचतो. ते 5 दिवस 5 स्टारचे. पुढचा केमो आठवडाभर ढकलला, तो काउंट भरण्यासाठी.

(सहाव्या दिवशी त्या ॲडमिशनच्या फाइलसाठी 7 झेरॉक्स. असो.)

पाचव्या केमोपर्यंत मी खिडकीतल्या मॅडमना खडूस समजत होते. त्या वेळी औषध बदललं, लाल सलाईन जाऊन पॅक्लिटॅक्सेल आलं, आणि मेडिकलचं बिल झालं 14,600. मी गप्प भरायला निघाले होते. मॅडमनी बिल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे एमआरपीनं लावलंय. थांबा." योजनेतल्या पेशंटला औषधं, सामान, इम्प्लांट हॉस्पिटलच्या खरेदी किमतीला लावायची असतात, आणि दुर्बल घटकाने त्यातले किमान निम्मे भरायचे. त्यांनी मेडिकलला फोन लावला, मग स्वतः खाली गेल्या. पाऊण तासाने नवीन बिल आलं, 5,800. त्यातले आम्ही 2,900 भरले. केमोच्या औषधांची एमआरपी आणि खरेदी किंमत यांत एवढी दरी असते, हे मला त्या दिवशी कळलं. तुमचं कोणी योजनेत असेल तर मेडिकलचं प्रत्येक बिल खिडकीत दाखवल्याशिवाय भरू नका. आमची आधीची बिलं बरोबर लागली होती की नाही, ते मी मागे जाऊन तपासलं. एकात फरक निघाला, तो पुढच्या बिलात वळता केला.

त्याच पाऊण तासात मी विचारलं, दर वेळी तेच कागद कशाला? त्या म्हणाल्या, हॉस्पिटल आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतं, त्यातून तुमची सवलत जाते, आणि त्यातल्या प्रत्येक रुपयामागे धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब लागतो. कागद अर्धवट असले की तपासणीत शंका येते, आणि खोटे दाखले आणणारेही असतात. पटलं. ट्रस्ट म्हणून कराच्या सवलती घेतल्यात तर हे करायलाच हवं, तो कुणाचा उपकार नाही, आणि सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातलं कलम 41 कक तेच सांगतं. पण खिडकीत बसून ते नीट करणारं माणूस लागतं, आणि इथं ते होतं. 'खडूस' मागे घेते.

झेरॉक्स मात्र मागे घेत नाही. कारण मॅडमच्या मागेच टेबलावर एक स्कॅनर होता. त्यावर हळदीकुंकवाचं वाण म्हणून आलेला डबा ठेवलेला.

त्यातच 31 मार्चला उत्पन्नाचा दाखला संपला. सहावा केमो जुन्यावर झाला, सातव्याला नवीन हवा. तलाठी, सेतू, परत तलाठी. उपचार लांबणार असतील तर दाखल्याची मुदत आधीच बघून ठेवा.

बाकी थोडक्यात. सिस्टर उत्तम. वॉर्डातल्या मावशी घरच्यासारख्या, रागवायलाही घरच्यासारख्याच. जेवण अळणी पण वेळेवर. सवलतीची खाट म्हणून कोपऱ्यात टाकलंय, असं एकदाही वाटलं नाही. शेजारच्या खाटेवर पूर्ण पैसे भरणारे काका होते, सलाईनवाल्या सिस्टर दोघांनाही सारख्याच उशिरा यायच्या. पार्किंगचं बोलत नाही, आम्ही रिक्षाने जायचो.

पाचपैकी चार. झेरॉक्स नसती तर साडेचार.

पाचव्या ॲडमिशननंतर शहाणी होऊन मी गेटबाहेरून 10 सेट एकदमच काढून ठेवले होते. अंदाजपत्रक आणि अर्ज तेवढे त्या त्या दिवशी. 5 सेट वापरले, त्यातल्या शेवटच्यात ते मागचं पान नव्हतं. 5 अजून कपाटात आहेत, जुन्या दाखल्यासकट. आता तीन महिन्यांनी तपासणीला जायचंय. निघताना मॅडमना विचारलं, तेव्हा किती प्रती आणू? म्हणाल्या, "तेव्हा काही नको ताई. मूळ कार्ड दाखवलं तरी चालेल."