गाठीतल्या प्रतिकार पेशी मोजून घ्याव्यात का?

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो, आणि कुणीतरी सुचवतं: गाठीत शिरलेल्या प्रतिकार पेशीही मोजून घ्या, पुढचा अंदाज येईल. पदरचे पैसे घालण्याआधी मी प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारीन. हिच्या उत्तराने उपचार बदलणार आहे का?

नेहमीच्या रिपोर्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ उपचार बदलू शकते. गाठ 2 सेंटिमीटरपेक्षा लहान असली, तरी 5 मिलिमीटरहून खोल रुतली असेल तर 2018 पासूनच्या वर्गीकरणात ती टी1 (सर्वांत लहान गाठीची पायरी) राहत नाही, टी2 (त्याच्या वरची पायरी) होते. कापलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर उरला असेल किंवा मानेतल्या लिम्फ नोडचं (लसिकागाठीचं) आवरण फोडून बाहेर आला असेल, तर सहसा रेडिएशनसोबत किमोही देतात. मानेतले लिम्फ नोड आधीच काढल्याने काय फरक पडतो, हे टाटा मेमोरियलने 2015 मध्ये दाखवलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ज्या रुग्णांचे ते आधीच काढले, त्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते. मानेत कॅन्सर दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.

प्रतिकार पेशींची गोष्टही खरी आहे. कॅन्सरच्या पेशींना थेट मारणाऱ्या सीडी8 पेशी गाठीत भरपूर असल्या, तर रुग्ण जास्त जगतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सीडी163 खूण असलेले मॅक्रोफेज (दुसऱ्या प्रकारच्या प्रतिकार पेशी) जास्त असले तर उलटं. प्रतिकाराला आवर घालणाऱ्या फॉक्सपी3 पेशींचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. अडचण मोजण्यात आहे. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर लिम्फोसाइट (सीडी8 आणि फॉक्सपी3 ज्यांत मोडतात त्या प्रतिकार पेशी) गर्द ठिपक्यांसारख्या दिसतात, वेगळा खर्च नाही, पण त्यातली मारणारी कोणती आणि आवर घालणारी कोणती ते कळत नाही. ते कळायला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ठरावीक खुणेच्या पेशी रंगवून दाखवणारी वेगळी तपासणी, लागते. तिथेही किती म्हणजे 'भरपूर', आणि गाठीच्या आत मोजायचं की काठावर, हे अभ्यासागणिक बदलतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी अशी प्रमाणित मोजणी 2018 मध्ये अनेक देशांत पारखली गेली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये आज या आकड्यावरून कुणाचं रेडिएशन वाढवत किंवा टाळत नाहीत. म्हणून सीडी8 साठी वेगळा खर्च करू नका, असंच माझं मत. स्लाइडवर लिम्फोसाइट किती दिसतात, हे पॅथॉलॉजिस्टना जरूर विचारा.

पीडी-एल1 या प्रतिकाराला रोखणाऱ्या प्रथिनाची तपासणी वेगळी. कॅन्सर परत आला किंवा पसरला, आणि पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधाचा (इम्युनोथेरपीचा) विचार असेल, तर ही तपासणी करावीच. या तपासणीचा गुणांक, म्हणजे सीपीएस, 1 किंवा जास्त असेल तर ते किमोशिवाय एकटंही देता येतं. अमेरिकेत जून 2025 पासून ते ऑपरेशनच्या आधी-नंतर देण्यासही मान्यता आहे, आणि अट तीच. आपल्याकडे खर्चामुळे अनेकांचं तिथेच अडतं, म्हणून टाटाचाच 2022 चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो: बरा होण्यापलीकडे गेलेल्या आजारात तोंडाने घ्यायच्या औषधांना त्याच जातीच्या निव्होलुमॅब या औषधाची फक्त 20 मिलिग्रॅमची जोड दिली, तर एक वर्ष जगणारे 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले.

कुठलीही जादा तपासणी करा, पण तिच्यासाठी रेडिएशन लांबवू नका. ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. आणि मेणाचा ब्लॉक (काढलेल्या गाठीचा मेणात जतन केलेला तुकडा) जपून ठेवायला सांगा. पुढे पीडी-एल1 करायची वेळ आली तर त्यावरूनच करता येते.